छोट्या डावांची मोठी नाल

लोकसभेने २० ऑगस्ट २०२५ रोजी, राज्यसभेने दुसऱ्या दिवशी मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक विधेयकावर २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि देशातील पैशांच्या ऑनलाइन पोकरची टेबले अक्षरशः रातोरात उठली. कंपन्यांनी नव्याने पैसे भरणे बंद केले, खात्यातील शिल्लक काढून घेण्याची सूचना दिली आणि वर्षानुवर्षे चाललेले डाव थांबले. त्यानंतर जी चर्चा झाली ती मोठ्या आकड्यांची होती. बुडालेला महसूल, गेलेल्या नोकऱ्या, कर्जबाजारी झालेले तरुण, उद्ध्वस्त झालेली घरे. या गदारोळात पाच-दहा रुपयांच्या बोलीवर रात्री तास-दोन तास खेळणारा किरकोळ खेळाडू कोणाच्या फारसा खिजगणतीत नव्हता. तो उद्ध्वस्त झालेला नव्हता आणि श्रीमंतही झालेला नव्हता. पण या खेळाचा खरा हिशेब पाहायचा तर त्याच्याच खात्यात डोकवावे लागते.

पोकरची मांडणी तशी सोपी आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. पत्ते पाहून डाव सोडता येतो, बोली वाढवता येते आणि हातात काहीही नसताना समोरच्याला घाबरवून पटावरचे पैसे उचलताही येतात. रमीच्या तुलनेत या खेळाला जे वलय लाभले ते या तिसऱ्या शक्यतेमुळे. शिवाय एक दंतकथा पाठीशी होती. २००३ मध्ये अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर या हिशेबनीसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळवली आणि तेथे २५ लाख डॉलर जिंकले. आडनावापासून सगळेच जाहिरातीला साजेसे होते. थोड्या पैशांत बसून डोक्याच्या बळावर वर चढता येते, ही समजूत त्या एका विजयाने जगभर पोहोचवली. भारतातील कंपन्यांनी पुढे आपल्या जाहिराती याच समजुतीवर उभ्या केल्या.

ती समजूत सर्वस्वी खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. पोकरमध्ये कौशल्य आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या अभ्यासकांनी २०१०च्या जागतिक स्पर्धामालिकेचे निकाल तपासले, तेव्हा आधीपासून निष्णात म्हणून गणल्या गेलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी ३० टक्क्यांहून अधिक परतावा मिळालेला दिसला, तर बाकीच्यांच्या वाट्याला सुमारे १५ टक्के तोटा आला. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘प्लुरिबस’ या संगणकप्रणालीने सहा जणांच्या डावात व्यावसायिक खेळाडूंना हरवले. निव्वळ नशिबाच्या खेळात असे होऊ शकत नाही. लॉटरी जिंकणारा संगणक अद्याप कोणी बनवलेला नाही.

प्रश्न निराळा आहे. हे कौशल्य पाच-दहा रुपयांच्या टेबलावर बसणाऱ्याच्या पदरात किती पडते?

समजा, एका टेबलावर सक्तीच्या दोन बोली पाच आणि दहा रुपयांच्या आहेत. खेळाडू रिवाजाप्रमाणे १,००० रुपये घेऊन बसतो. संगणकावर एका टेबलावर तासाला साधारण ७० डाव होतात. रोज दोन तास खेळले तर महिन्याला ४,२०० डाव. या पातळीवर चांगला म्हणावा असा खेळाडू शंभर डावांमागे मोठ्या बोलीच्या पाच पट, म्हणजे ५० रुपये कमावतो असे धरू. महिन्याची कमाई २,१०० रुपये होते, तासाला ३५ रुपये. आकडा किरकोळ आहे, पण तो ‘अपेक्षित’ आकडा आहे. प्रत्यक्षात हातात येणारी रक्कम वेगळीच असते. पोकरमध्ये शंभर डावांतील चढउतार सरासरीच्या आजूबाजूला मोठ्या बोलीच्या ९० पटींच्या घरात असतो. हे गणित महिन्यावर पसरले की २,१०० रुपयांच्या अपेक्षित कमाईभोवती ५,८०० रुपयांचा हेलकावा तयार होतो. एखाद्या महिन्यात आठ हजार मिळणे आणि एखाद्यात चार हजार जाणे, दोन्ही अगदी सामान्य. चांगला खेळणाऱ्याचेही दहापैकी तीन-चार महिने तोट्यात जातात. वर्षभर रोज दोन तास, एकही चूक न वाढवता खेळले तरी वर्षअखेरीस तोट्यात असण्याची शक्यता दहात एक उरतेच.

आता त्याच्याच शेजारी बसलेला दुसरा खेळाडू घ्या. तो बाकीच्यांइतकाच बरा-वाईट खेळतो, पण टेबलाचे शुल्क वजा जाता शंभर डावांमागे ७५ रुपये गमावतो. महिन्याला त्याचे सरासरी ३,१५० रुपये जातात. तरीही त्याच हेलकाव्यामुळे दहापैकी तीन महिन्यांत तो नफ्यात असतो. म्हणजे जिंकणाऱ्याच्या आणि हरणाऱ्याच्या एखाद-दुसऱ्या महिन्याच्या हिशेबात फरकच दिसत नाही. नफ्याचा महिना आला की दुसरा स्वतःला पहिला समजतो. तोट्याचा महिना आला की तो त्याला ‘बॅड रन’ म्हणतो, आणि गंमत अशी की पहिलाही तेच म्हणतो. फक्त पहिल्याचे म्हणणे खरे असते. या खेळातील चढउतारांचा सर्वांत घातक परिणाम हाच आहे. त्यात पैसे जातात ते जातातच, शिवाय आपण नेमके कुठे आहोत हे कळण्याचे साधनही जाते.

पत्त्यांचे गणित तर याहून निर्दय. दोन एक्के हाती येण्याचा योग सरासरी २२१ डावांतून एकदा येतो. समोरच्याकडे दोन राजे आले आणि दोघांनीही सगळे पैसे आत सारले, तर एक्केवाला शंभरातून ८२ वेळा जिंकतो. उरलेल्या १८ वेळा जे होते ते खेळाडू विसरत नाहीत. बरोबर खेळूनही हरण्याचा हा अनुभव माणसाला इरेला पेटवतो. गेलेले हजार रुपये त्याच रात्री परत मिळवण्याच्या नादात एरवी सोडले असते असे डाव तो खेळू लागतो, किंवा पाच-दहाचे टेबल सोडून पंचवीस-पन्नासच्या टेबलावर जाऊन बसतो. पोकरच्या बोलीत याला ‘टिल्ट’ म्हणतात. आठवडाभर संयमाने साठवलेले अशा एका तासात जाते. म्हणूनच जाणकार सल्ला देत असत की ज्या टेबलावर खेळायचे त्याच्या किमान वीस ते चाळीस पट रक्कम बाजूला असावी. पाच-दहाच्या टेबलासाठी ती २० ते ४० हजार होते. तासाला ३५ रुपये मिळवण्यासाठी इतके भांडवल अडकवणारा दुकानदार शोधूनही सापडणार नाही.

कॉर्नेल विद्यापीठातील काइल सायलर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑनलाइन पोकरचे सुमारे २ कोटी ७० लाख डाव तपासले. त्यातून निघालेला निष्कर्ष प्रथमदर्शनी चक्रावणारा होता: जो खेळाडू जितके अधिक डाव जिंकतो, तितके त्याचे पैसे जाण्याची शक्यता अधिक, आणि ही प्रवृत्ती कमी बोलीच्या टेबलांवर विशेष ठळक. कारण समजले की चक्रावलेपण उरत नाही. पुष्कळ डाव जिंकायचे तर पुष्कळ डाव खेळावे लागतात. त्यातले बहुतेक विजय किरकोळ रकमेचे असतात आणि अधूनमधून येणारा एखादा मोठा पराभव ते सगळे धुऊन नेतो. पण मनाच्या हिशेबात वीस विजय आणि एक पराभव अशी नोंद होते. रात्री झोपताना ‘आज बरेच डाव मारले’ हे समाधान खरे असते आणि खात्यातली घटही खरी असते.

एवढे सगळे खेळाच्या पोटातले. त्यावर बाहेरून बसलेला भार हा मुख्य मुद्दा. जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला प्रत्येक डावातून जो आपला वाटा काढून घेतो, त्याला मराठीत ‘नाल’ असा जुना शब्द आहे. ऑनलाइन पोकरमध्ये तिचे नाव ‘रेक’. पटावर जमलेल्या रकमेच्या साधारण पाच टक्के ही तिची रूढ पातळी, आणि एका डावातून किती घ्यायचे याला वरची मर्यादा. ही मर्यादा मोठ्या टेबलावर पटकन गाठली जाते, त्यामुळे लाखाच्या डावावर नाल नगण्य ठरते. छोट्या टेबलावर मर्यादेपर्यंत डाव क्वचितच पोहोचतो आणि पाच टक्के पुरतेपणी कापले जातात. प्रमाण पाहिले तर गरिबाच्या डावाला श्रीमंताच्या डावापेक्षा जास्त नाल लागते.

तिचा परिणाम मोजून पाहता येतो. सहा जणांच्या टेबलावर शंभरातील ६० डावांत नाल कापली गेली आणि सरासरी पट १५० रुपयांचा असेल, तर शंभर डावांत ४५० रुपये कंपनीकडे जातात. दर डोई ७५ रुपये. वरच्या उदाहरणातील दुसरा खेळाडू नेमके एवढेच गमावत होता. म्हणजे तो समोरच्यांपैकी कोणाकडूनही हरलेला नव्हता. तो नालेकडून हरला होता. सहा जण हजार-हजार रुपये घेऊन बसले आणि कोणी नवे पैसे आणले नाहीत, तर एकोणीस-वीस तासांच्या खेळात टेबलावरचे सहाच्या सहा हजार नालेत विरघळून जातील आणि कोणीच जिंकलेला नसेल. अशा टेबलावर नफ्यात राहायचे तर समोरच्यांपेक्षा थोडे बरे असणे पुरत नाही, खूपच बरे असावे लागते. आणि जो तितका बरा होतो तो वरच्या टेबलावर निघून जातो.

२०२३ मध्ये या हिशेबात सरकारही येऊन बसले. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के उद्गम करकपात सुरू झाली. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलेला विद्यार्थी असो की वरच्या टप्प्यातील नोकरदार, दर एकच. गेल्या वर्षीचा तोटा या वर्षीच्या नफ्यातून वजा करण्याची सोय नाही. ज्या खेळात एखादे वर्ष तोट्यात जाणे हा गणिताचाच भाग आहे, तिथे ही तरतूद फार बोचणारी. तासाला ३५ रुपये कमावणाऱ्याच्या हाती २४-२५ उरले. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. तोपर्यंत कौशल्याचा खेळ म्हणून कंपन्या केवळ आपल्या नालेवर १८ टक्के कर भरत होत्या. नव्या रचनेत १,००० रुपये भरले की करापोटी सुमारे २१९ रुपये बाजूला जाऊन ७८१ उरत. अनेक कंपन्यांनी तेवढ्या रकमेचा बोनस देऊन हा घाव झाकला, पण त्याची किंमत कुठे ना कुठे निघणार होतीच.

या कराचा एक परिणाम मात्र फारसा चर्चेत आला नाही. जिंकलेल्या पैशांनी पुन्हा खेळल्यास कर नव्हता. पैसे काढून घेऊन नंतर पुन्हा भरले की होता. म्हणजे जिंकलेले पैसे बँकेत परत नेण्याची जी एकमेव शहाणपणाची सवय, तिलाच दंड बसला. खात्यात पडून असलेला पैसा टेबलावरच जातो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

न्यायालयांतील वाद मात्र या काळात ‘कौशल्य की नशीब’ याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिला. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात, म्हणजे बक्षिसांच्या शब्दकोडी स्पर्धांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत रेष ओढली. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचे प्रशस्तिपत्र मिळाले. पोकरबाबत एकवाक्यता झालीच नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याचा. दोन्ही निकालांच्या बाजूने बोलता येईल. एका रात्रीपुरते पाहिले तर गुजरातचे बरोबर, पाच वर्षांचे पाहिले तर मद्रासचे.

पण १९६८च्या एका निकालातील दुसरी ओळ कालौघात मागे पडली. सत्यनारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले, ते वाक्य कंपन्यांचे वकील पुढे सतत मांडत आले. त्याच निकालात न्यायालयाने असेही नमूद केले होते की पैशांच्या डावातून जागेचा मालक किंवा क्लब स्वतःचा नफा काढत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदाही ‘जुगारअड्डा’ ओळखतो तो जागेचा मालक त्यातून फायदा काढतो की नाही यावरून. जुन्या कायद्याची नजर नालेवर होती. तीच नजर कायम ठेवून नाल किती असावी, ती खेळाडूला डावागणिक दिसावी काय, खात्यात महिन्याला किती भरता यावे, जिंकण्या-हरण्याचा वार्षिक ताळेबंद खेळाडूसमोर ठेवणे सक्तीचे असावे काय, असे प्रश्न विचारता आले असते. ते विचारले गेले नाहीत.

२०२५च्या कायद्याने हा वादच निकालात काढला. कौशल्य असो, नशीब असो वा दोन्ही. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ निषिद्ध. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही त्यातली समजूतदार बाजू. कायद्याच्या समर्थनार्थ सरकारी सूत्रांच्या हवाल्याने एक अंदाज त्या दिवसांत प्रसिद्ध झाला होता: ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात. भागाकार केला तर दर डोई वर्षाला साडेचारशेच्याही आत. मल्टिप्लेक्समधल्या एका संध्याकाळीचा हा खर्च. अर्थात सरासरी फसवी असते. बहुतेकांनी तेवढेही गमावलेले नसते आणि काहींनी घर गमावलेले असते. पण नेमका हाच भेद कायद्याला करता आला असता. पाच-दहाच्या टेबलावर मर्यादेत खेळणारा आणि कर्ज काढून हजारोंच्या बोली लावणारा या दोघांवर एकच कुलूप लागले.

टेबलांना कुलूप लागले तरी खेळाडूंची सवय उरली आहे. महाराष्ट्रात १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्यात मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंना ऑनलाइनबंदीची झळ नाही, पण पाच-दहा रुपयांच्या डावासाठी तिथली जागा आणि पत्ते वाटणारा माणूस परवडणारा नाही. शिवाय पुण्या-मुंबईहून जाण्याचेच भाडे टेबलावरच्या रकमेहून अधिक. उरतात ती परदेशातून चालणारी संकेतस्थळे. तिथे करकपात नाही, तशीच दादही नाही. समोर माणूस बसला आहे की प्रणाली, हे तपासणारे कोणी नाही.

या वाटेवर काय घडू शकते याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तिथे २००६च्या कायद्याने ऑनलाइन जुगाराच्या पैशांची वाट अडवल्यावर काही कंपन्या निघून गेल्या, काहींनी परदेशातून खेळ चालू ठेवला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय विभागाने त्यांतील तीन मोठ्या कंपन्यांवर कारवाई केली, तेव्हा ‘फुल टिल्ट’ या कंपनीकडे खेळाडूंचे परत करण्याइतके पैसेच नसल्याचे उघड झाले. पुढे प्रतिस्पर्धी कंपनीने सरकारशी तडजोड करून भरलेल्या रकमेतून अमेरिकी खेळाडूंना परतफेड सुरू झाली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये. जवळपास तीन वर्षे अडकलेल्या त्या पैशांत शंभर-दोनशे डॉलर शिल्लक असलेली खातीही होती.

भारतात नव्या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत दाखल झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. त्याच महिन्यात वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत या वर्गातील खेळांवरील दर २८ वरून ४० टक्क्यांवर नेण्यात आला. बंदी आणि वाढीव कर एकाच वेळी कसे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या भानगडीत छोटा खेळाडू पडलेला नाही. त्याने ऑगस्टमध्येच आपले उरलेले सातशे-आठशे रुपये काढून घेतले होते, तेही त्यातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कापून.